टाचणी

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचे अभयारण्य आता दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाले आहे. पांढरकवड्याजवळचे हे सागाचे जंगल १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. तेथील वाघ पाहण्यासाठी मोठमोठ्या शहरांतून माणसे येतात, पहाटेच्या थंडीत कुडकुडत उघड्या गाडीत बसतात आणि वाघाच्या वाटेकडे डोळे लावून राहतात. वाघ दिसला, तर त्यांच्या आनंदाला सीमा राहत नाही. परंतु वाघ हा वनाचा राजा. तो कोणाच्या सोयीने दर्शन देत नाही. मग ही मंडळी हिरमुसली होऊन परततात आणि भेटेल त्याला सांगतात, ‘‘काहीच दिसले नाही हो!’’

हे ‘काहीच दिसले नाही’ कानी पडले, की मला मोठे नवल वाटते. चार तास रानात घालवायचे, ओढे ओलांडायचे, गवताळ माळ तुडवायचा आणि काहीच दिसू नये? डोळे उघडे असताना हे कसे घडते? विचार केला म्हणजे ध्यानात येते, की दिसणे आणि पाहणे यांत पुष्कळ अंतर आहे. जे आकाराने मोठे आहे, गाजावाजा करून येते, ते आपोआप दिसते. जे लहान आहे, ते मात्र आपल्याला मुद्दाम पाहावे लागते. त्यासाठी थांबावे लागते, वाकावे लागते, प्रसंगी चिखलात गुडघेही टेकावे लागतात.

मी त्याच भागातील एका खेड्यात शिक्षक आहे. आमच्या गावाबाहेरून एक नाला वाहतो. पावसाळ्यात तो दुथडी भरून जातो, कार्तिकात निवळतो आणि उन्हाळ्यात त्याचे डबके तेवढे उरते. नाल्याच्या दोन्ही अंगांना काळ्या जमिनीची शेते आहेत आणि त्यांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर डोलत असते. या नाल्याकाठीही एक शिकारी राहतो. त्याची लांबी माझ्या करंगळीहून कमी आणि जाडी सुतळीहूनही कमी आहे. त्याचे नाव टाचणी. सुट्टीच्या दिवशी पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवून मी त्याच्या भेटीला जातो. हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे.

मुलांनो, चतुर तर तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. पावसाळा सरता सरता अंगणात, माळावर थव्याथव्याने भिरभिरणारा हा कीटक तुमच्या ओळखीचा आहे. त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवण्याचा क्रूर खेळही काही मुले खेळतात. टाचणी ही या चतुराची नाजूक बहीण. दोघांचे कूळ एकच. शास्त्रज्ञ त्याला ‘ओडोनाटा’ म्हणतात. हे नाव डेन्मार्कच्या फाब्रिसिउस नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १७९३ साली दिले. त्याचा अर्थ ‘दात असलेले’ असा आहे. कारण या कीटकांचे जबडे मोठे बळकट असतात.

बहीणभावंडे असली, तरी त्यांना वेगळे ओळखणे अवघड नाही. चतुर अंगाने दणकट. तो बसला, तरी पंख विमानासारखे पसरूनच बसतो. त्याचे टपोरे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. टाचणीचे तसे नाही. ती बसली, की बहुधा आपले चारही पंख पाठीवर मिटून घेते. जणू एखादी विद्यार्थिनी पुस्तक मिटून हात जोडून बसली आहे. तिचे डोळे एकमेकांपासून दूर, डोक्याच्या दोन टोकांना असतात. आडव्या काडीच्या टोकांना दोन मणी ओवावेत, तसे ते दिसतात. आणि तिचे अंग? ते इतके बारीक आणि सरळ असते, की आपल्या पूर्वजांनी तिला टाचणी हे नाव दिले, यात आश्चर्य ते काय!

आमच्या नाल्यावर सर्वांत अधिक भेटते ती पिवळी टाचणी. तिच्यातील नराची पाठ शेवाळी हिरवी आणि पोट हळदीसारखे पिवळे असते. शास्त्रात तिचे नाव ‘सेरिॲग्रिऑन कोरोमांडेलिआनम’ असे आहे. नाव ऐकून घाबरू नका. कोरोमांडेल म्हणजे आपला पूर्वेकडचा चोळमंडल किनारा. त्या किनाऱ्याच्या नावावरून १७९८ साली तिचे हे नामकरण झाले. दुसरी एक टाचणी काळसर हिरवी असून, तिच्यातील नराच्या शेपटीच्या टोकाजवळ निळा ठिपका असतो. ऊन पडले, की तो ठिपका दिव्यासारखा चमकतो. तिच्या नावात आफ्रिकेतील सेनेगल देशाचे नाव आहे. आफ्रिकेपासून जपानपर्यंत तिची वस्ती पसरली आहे. म्हणजे आमच्या नाल्यावरील ही इवलीशी पाहुणी केवढ्या मोठ्या गोताची! तिसरी तर याहून लहान. गवताच्या बुडाशी, वीतभर उंचीवर ती उडते. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची ही टाचणी उभ्या माणसाच्या नजरेस पडतच नाही.

सावलीच्या ओढ्याकाठी आणखी एक गंमत पाहावयास मिळते. तेथे कधीकधी पांढरीशुभ्र टाचणी झुडपाच्या पानावर बसलेली आढळते. आणि तिच्याजवळच पिवळ्या पायांची काळी टाचणीही बसलेली असते. पुष्कळांना या दोन निराळ्या जाती वाटतात. वस्तुतः ती एकच जात आहे. पांढरी ती नुकतीच पाण्याबाहेर आलेली कोवळी टाचणी. आणि काळी ती वयात आलेली. माणसाचे केस म्हातारपणी पांढरे होतात. या टाचणीचा क्रम नेमका उलटा!

आता तिचे छायाचित्र कसे घ्यावे, ते सांगतो. कारण या उद्योगाने मला पाहण्याचे खरे शिक्षण दिले. टाचणीच्या मागे धावून तिचे चित्र कोणालाही मिळालेले नाही. तिला हजारो बारीक भिंगांनी बनलेले डोळे आहेत. आपली सावली तिच्यावर पडली, पाऊल जोराने आपटले, हात एकदम वर गेला, की ती निमिषात दिसेनाशी होते. यासाठी पहाटेची वेळ उत्तम. कीटकांचे रक्त आपल्यासारखे सदा ऊबदार नसते. रात्रीच्या थंडीने त्यांचे अंग गारठते आणि ऊन लागेपर्यंत त्यांना नीट उडता येत नाही. कार्तिक महिन्यात दव पडू लागले, की टाचण्या गवताच्या काड्यांना घट्ट धरून झोपलेल्या सापडतात. त्यांच्या पंखांवर, डोळ्यांवर, अंगावरील बारीक केसांवर दवाचे मोती चढलेले असतात. पूर्वेकडे तांबडे फुटते, पहिला किरण पोहोचतो आणि मग ती पुढच्या पायांनी आपले डोळे पुसू लागते. सकाळी उठून तोंड धुणाऱ्या लहान मुलाची आठवण व्हावी, असे ते दृश्य असते.

कॅमेऱ्यासाठी मी अगदी जवळचे टिपणारे भिंग वापरतो. छायाचित्रकार त्याला मॅक्रो लेन्स म्हणतात. या भिंगातून टाचणीचे तोंड वाटाण्याएवढे मोठे दिसते. परंतु त्यात एक अडचण असते. इतक्या जवळून पाहताना एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यातील भागच स्पष्ट उमटतो. त्याच्या पुढचे आणि मागचे सारे धूसर होते. कॅमेरा किंचित तिरका झाला, की डोळा स्पष्ट येतो आणि शेपटी धुक्यात हरवते. म्हणून कॅमेरा तिच्या अंगाशी अगदी समांतर धरावा लागतो. त्यासाठी तिच्या उंचीवर यावे लागते. मग ओल्या मातीत कोपरे टेकून पालथे पडण्यावाचून गत्यंतर नसते. वाऱ्याची झुळूक आली, की काडी डोलते. झुळूक थांबेपर्यंत श्वास रोखून वाट पाहायची आणि वारा पडला, की कळ दाबायची. एका चांगल्या चित्रासाठी कधीकधी संपूर्ण सकाळ खर्ची पडते. काही उतावळे लोक कीटकाला पकडून बर्फाच्या पेटीत गारठवतात आणि मग हवा तसा बसवून त्याचे चित्र काढतात. मला ती रीत पसंत नाही. ज्याचे चित्र घ्यायचे, त्याला आपण मित्र मानतो; मित्राला छळून काढलेल्या चित्रात मैत्री कोठून उतरणार?

असे पालथे पडून राहिल्यामुळे मला टाचणीची एक लबाडी उमगली. आपण हळूहळू जवळ सरकलो, की ती उडून जात नाही. तर ज्या काडीवर बसली आहे, तिच्या पलीकडच्या अंगाला सरकते. आपण डावीकडे गेलो, तर ती उजवीकडे. काडी सदैव तिच्या आणि आपल्या मध्ये राहील, याची ती दक्षता घेते. तिचे बारीक अंग काडीआड पुरते लपते. परंतु डोळे पडले दोन टोकांना! ते काडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत राहतात आणि ती आपल्याकडे टक लावून पाहत असते. लपंडावात खांबाआड उभे राहून दोन्ही बाजूंनी डोकावणाऱ्या मुलासारखी ती दिसते. अशा वेळी मला हसू आवरत नाही; आणि हसलो, की कॅमेरा हलतो!

तिचे बालपण तर याहूनही अद्भुत आहे. टाचणी पाणवनस्पतींच्या पानांत व देठांत अंडी घालते. मादीच्या शेपटीच्या टोकाशी सुरीसारखा एक अवयव असतो. त्याने ती पानाला चीर पाडते आणि त्या चिरेत एकेक अंडे ठेवते. पिवळ्या टाचणीचा नर या वेळी तिच्या मानेला आपल्या शेपटीच्या टोकाने धरून वर ताठ उभा असतो, जणू काठी रोवून उभा राहिलेला पहारेकरी. अंड्यातून जे पिल्लू बाहेर येते, ते पाण्यातच राहते. त्याच्या शेपटीला पानांसारखे तीन कल्ले असतात आणि त्यांनी ते पाण्यातील प्राणवायू घेते. त्याचा खालचा ओठ हाताच्या घडीसारखा तोंडाखाली दुमडलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली, की हा ओठ विजेच्या वेगाने पुढे झेपावतो, भक्ष्य पकडतो आणि तोंडाशी आणतो. वाघाच्या झेपेचे वर्णन करताना आपण थकत नाही. ही झेप तर इतकी जलद असते, की डोळ्यांना ती दिसतही नाही. पाण्यात अळी होती आणि आता नाही, एवढेच कळते.

वाढता वाढता हे पिल्लू अनेकदा कात टाकते. शेवटी एका सकाळी ते पाण्याबाहेर डोकावणाऱ्या देठावर चढते आणि स्थिर होते. पाठीवरची कातडी उकलते. त्या चिरेतून एक फिकट, ओलसर, सुरकुतलेल्या पंखांचा जीव हळूहळू बाहेर येतो. पंखांच्या शिरांत रस भरतो, ते उलगडतात, सुकतात, चकाकू लागतात. तासाभरापूर्वी जो जलचर होता, तो आता आकाशाचा प्रवासी झालेला असतो. फुलपाखराप्रमाणे कोषात झोपण्याची विश्रांती याच्या नशिबी नाही. देठावर उरते ती त्याची रिकामी कात, कागदाहून पातळ. त्या कातेवर डोळ्यांची, पायांची, कल्ल्यांची खूण जशीच्या तशी राहिलेली असते.

हा जीव किती पुरातन आहे, हेही ध्यानात घ्यावे. फ्रान्समधील दगडी कोळशाच्या थरांत मेगॅन्यूरा नावाच्या, चतुराच्या नात्यातील एका कीटकाचे अवशेष सापडले. तो सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी उडत होता आणि त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी ६५ सेंटिमीटरच्या आसपास होती. पृथ्वीवर तेव्हा पक्षी नव्हते आणि फुलेही नव्हती. ही इतकी जुनी परंपरा आमच्या नाल्याकाठच्या काडीवर येऊन बसते. आणि आपण तिच्याजवळून जोडे वाजवीत निघून जातो.

आता एका सकाळची हकीकत सांगतो. आश्विन संपत आला होता. मी नाल्याकाठी पालथा पडलो होतो. इतक्यात मागून आवाज आला, ‘‘काय पाहून राह्यले, गुरुजी?’’ लगतच्या शेताचे मालक उभे होते. वयाने वृद्ध, गावात सारे त्यांना आबाजी म्हणतात. त्यांच्या पाठीवर फवारणीचा पंप होता.

मी हळूच म्हणालो, ‘‘टाचणी पाहतो आहे, आबाजी.’’

‘‘टाचणी? पडली का कुठं?’’ असे म्हणून ते बिचारे माझ्याबरोबर गवतात शोधू लागले. मी हसून म्हणालो, ‘‘पडली नाही, आबाजी, बसली आहे. ती पाहा.’’

त्यांनी डोळे बारीक केले. ‘‘हे होय! हे तं आमच्या पऱ्हाटीत रोजच फिरते. हिच्यात काय पाहाचं?’’

मी नुकतेच घेतलेले चित्र त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून दाखवले. त्यात टाचणीच्या काटेरी पायांच्या पिंजऱ्यात एक हिरवा तुडतुडा सापडला होता आणि ती त्याला जबड्याने चावीत होती. तुडतुडा म्हणजे कपाशीच्या पानांतील रस शोषणारा बारीक किडा. आबाजींनी त्याला जन्मभर शत्रू म्हणून ओळखले होते. पडद्यावर त्याची ती दशा पाहून ते बराच वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, ‘‘तुडतुडा खाऊन राह्यली हे?’’

‘‘होय. तुडतुडे, मावा, डास, चिलटे. जे बारीक उडते, ते हिचे अन्न.’’

‘‘म्हणजे हे आपल्याकडली हाये म्हना!’’

किती थोडक्यात त्यांनी सांगितले! पुस्तके वाचून मी जे शिकलो, ते त्यांच्या एका वाक्यात सामावले होते. मग त्यांची नजर नाल्याकडे वळली. फवारणी झाली, की पंप नाल्याच्याच पाण्यात धुण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. पाणी जवळ, श्रम थोडे. परंतु पंपातील उरलेसुरले औषध त्याच पाण्यात उतरते. आणि त्या पाण्यात टाचणीची पिल्ले वाढत असतात, गावची गुरेही तेच पाणी पितात. मी त्यांना उपदेश केला नाही. आमच्या जिल्ह्यात औषधाच्या विषाची ओळख कोणी कोणाला करून द्यावी, अशी स्थिती नाही. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यातील वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात ठेवावे लागले. ते दिवस आबाजींनी पाहिलेले आहेत. कीड आली, तर पीक जाते. पीक गेले, तर कर्ज उरते. म्हणून माणूस फवारतो. त्याला दोष देणे सोपे आहे, त्याच्या जागी उभे राहणे अवघड आहे. आबाजी काही न बोलता पंप घेऊन निघून गेले.

आठ दिवसांनी मी गेलो, तो त्यांच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात, नाल्यापासून पुष्कळ दूर, एक लहानसा खड्डा खणलेला दिसला. जवळ पाण्याचा पिंप होता. पंप आता तेथे धुतला जात होता. मी काही विचारले नाही आणि त्यांनीही काही सांगितले नाही.

त्या वर्षीपासून आमच्या शाळेतील सातवीची मुले एक काम करतात. पावसाळा संपला, की ती नाल्याकाठच्या देठांवर टाचण्यांच्या काता शोधतात आणि वहीत नोंद करतात. जेथे पूर्वी पंप धुतले जात, तेथे पहिल्या वर्षी एकही कात सापडली नाही. वरच्या अंगाला, जेथे पाणी स्वच्छ आणि काठ गवताने झाकलेला होता, तेथे मात्र त्या जागोजागी होत्या. पुढच्या वर्षी खालच्या अंगालाही थोड्या दिसल्या. एका नाल्याच्या दोन वर्षांच्या नोंदीवरून काही शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी मुलांना बजावून सांगितले आहे. पाऊस कमीअधिक होतो, पूर येतो, काठ खचतो. कारणे अनेक असू शकतात. म्हणूनच नोंद दरवर्षी ठेवावयाची. परंतु त्या नोंदीचा एक लाभ ताबडतोब झाला. नाला साफ करताना काठावरचे सारे गवत खरवडून टाकावे, असा बेत निघाला, तेव्हा या मुलांनीच मोठ्या माणसांना सांगितले, ‘‘थोडे देठ राहू द्या. टाचणी अंडी कोठे घालील?’’ आणि मोठ्या माणसांनी एका बाजूचे गवत राहू दिले.

अशा नोंदींना कमी लेखू नये. भारतातील चतुर आणि टाचण्या यांवर फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेले तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. तो व्यवसायाने लष्करी वैद्य होता. कीटकांचा अभ्यास ही त्याची हौस. आपल्या विदर्भातही हे काम थांबलेले नाही. अँड्र्यू, सुब्रमण्यन आणि टिपले या अभ्यासकांनी मध्य भारतातील नेहमीच्या चतुर-टाचण्यांचे एक मार्गदर्शक पुस्तक २००८ साली नागपुरातून प्रसिद्ध केले. पुढे २०१५ साली आशिष टिपले आणि पंकज कोपर्डे यांनी महाराष्ट्रातील चतुर व टाचण्यांची सूची सिद्ध केली. तीत १३४ जाती आहेत. ही सूची पूर्ण झाली असे मात्र समजू नका. २०१९ साली शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातून टाचणीची एक सर्वस्वी नवी जात जगापुढे आणली. ती आमच्या नाल्यावरील पिवळ्या टाचणीच्याच कुळातील आहे. माणसे ज्या वाटेने रोज जातात, तिच्याजवळही एखादा जीव नावावाचून राहिलेला असू शकतो, हे केवढे विलक्षण आहे!

तुमच्याजवळ कॅमेरा नसला, तरी बिघडत नाही. डोळे आहेत, वही आहे, पेन्सिल आहे. गावाजवळ नाला असेल, तळे असेल, नाहीतर विहिरीच्या पाटाचे पाणी साचलेले असेल. मोठ्या माणसाला सांगून, खोल पाणी टाळून, सकाळच्या उन्हात तेथे जाऊन बसा. प्रथम काही दिसणार नाही. पाच मिनिटे थांबा, दहा मिनिटे थांबा. हळूहळू गवताच्या काड्यांपैकी एक काडी निळी होईल, एक पिवळी होईल आणि एका काडीला दोन डोळे फुटतील. ती टाचणी. तिला पकडू नका, दोरा बांधू नका. ती काय खाते, कोठे बसते, किती वेळा उडून पुन्हा त्याच काडीवर परतते, एवढे मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर मी त्या तुडतुडा धरलेल्या टाचणीचे चित्र मोठे करून लावले आहे. तिचे नाव खाली शुद्ध अक्षरांत लिहावे, असे मी एका मुलाला सांगितले. त्याने ते लांबलचक शास्त्रीय नाव वळणदार अक्षरांत लिहिले. आणि त्याच्याखाली, न सांगता, आणखी दोन शब्द लिहिले : ‘आपल्याकडली हाये.’ तो आबाजींचा नातू होता. मी ते शब्द पुसले नाहीत.